कचेरीतली पऱ्हाटी

आमच्या तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाने नवी कचेरी बांधली, तेव्हा गावात वीज येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. महाराष्ट्र राज्यही नवंच होतं. दोघांचेही नव्याचे नऊ दिवस चालू होते. अशात संघाचे अध्यक्ष मुंबईला जाऊन आले आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांनी झुंबर पाहिलं. परत आल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना.

मी तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. मला बोलावून ते म्हणाले, "मास्तर, आपल्या कचेरीच्या दारातबी तसंच पायजे. पन असं, का पाह्यनाऱ्यानं म्हनलं पायजे, हे कापूसवाल्याइची कचेरी हाय!"

मी मानधनाचा विषयही न काढता हो म्हणालो. संघाच्या लोकांपुढे मी कलेबद्दल पुष्कळ बोललो, पण खरं कारण सोनाळ्यात होतं. तिथे माझे वडील कापूस पिकवत होते आणि माझं चित्रकलेचं शिक्षण त्यांच्या मते उनाडकीचं सरकारमान्य नाव होतं. एकदा ते शाळेत आले, तेव्हा मी फळ्यावर मडकं काढत होतो. त्यांनी ते नीट न्याहाळलं आणि विचारलं, "काऊन, या पोराइच्या घरी मडकं नाई का?" सगळा वर्ग हसला. त्यांनी माझ्या एका तरी कामाला बरं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. तिशी आली तरी ती काही जात नव्हती.

मी पऱ्हाटीचं झुंबर काढलं. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशीचं झाड. लोखंडी नळीचं खोड, सळ्यांच्या फांद्या, तांब्याच्या पत्र्याची पानं आणि पितळेच्या उकललेल्या पाकळ्यांत दुधी बल्ब, अशी अकरा बोंडं. ते घडवायला शेगावचा एक टिनवाला गाठला. त्याने जन्मभर डबे आणि कंदील केलेले. चित्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, यात तेल कुठून घालाचं?" पण त्याचा हात बावनकशी होता. महिन्याभरात त्याने अशी बोंडं उकलवली की शेतातल्या बोंडांनी लाजावं.

झुंबर छताला टांगलं, त्या दिवशी बाजार होता. वडील बाजाराला आले होते, त्यांना मीच हाताला धरून नेलं. अध्यक्षही तिथेच होते. वडिलांनी मान वर केली.

"काऊन बे," ते म्हणाले, "कोनाची पऱ्हाटी उपटली?"

"बाबा, झुंबर आहे ते."

"झुंबर असन. पन मुळं आभायाकडं अन् बोंडं जमिनीकडं! वेचनी संपली का पऱ्हाटी उपटतेत, अन् चुलीत घालाले उलटी रचतेत. नव्या कचेरीच्या दारात सरपन टांगलं का तुनं?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. तेही कापूसवालेच. आराखड्यावर त्यांनी सही केली होती, पण मुंबईच्या हॉटेलापुढे आपलं शेत त्यांना दिसलं नव्हतं. मला तरी कुठे दिसलं होतं? पऱ्हाटीत लहानाचा मोठा झालो आणि ती उलटी टांगली! मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, कारण म्हाताऱ्याचं खरं होतं.

झुंबर उतरलं. दारातून आत येताच जो मोठा चौक होता, त्यात विटांचा ओटा बांधून मी ती पऱ्हाटी सरळ उभी केली. वायर खालून, खोडाच्या नळीतून वर नेली. आता शहाणपणा इथे थांबायला हवा होता. पण माझ्या अंगात कलाकार शिरला होता. मी ओट्याचा मधला भाग पोकळ ठेवला आणि त्यात शेतातली खरी काळी माती भरली.

वायरमन म्हणाला, "मास्तर, माती नोका घालू. जोड खाली हाय."

"तुम्ही विजेचं पाहा, मी सौंदर्याचं पाहतो," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे कित्येक वर्षं ऐकवण्यात आलं.

उद्घाटन दसऱ्यानंतर, दिवेलागणीला होतं. बुलढाण्याहून मोठे साहेब आले. पऱ्हाटी सरळ उभी केल्याचा निरोप मी सोनाळ्याला धाडला होता; तिथून माय-बाबा बैलगाडीने आले. मायच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. शिदोरी असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. साहेबांचं भाषण झालं, ते बटणाकडे वळले, आणि गर्दीतून माझ्या वडिलांचा आवाज आला.

"थांबा साहेब! सीतादहीच्या आंधी बोंडाले हात नाई लावत."

साहेब घाटावरचे, त्यांना काही कळेना. पण जमलेल्या शंभर कापूसवाल्यांना कळलं. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य, म्हणजे सीतादही, दाखवल्याशिवाय आमच्याकडे कापूस घरात येत नाही. मायने ओट्यावर कुंकू वाहिलं, डबा उघडला आणि दहीभात मुळाशी ठेवला. वडिलांनी तांब्याभर पाणी त्या काळ्या मातीत सोडलं. लोकांनी हात जोडले. अध्यक्षांनी तर चपलाही काढल्या. वायरमन "अरे, अरे" करत होता, पण त्याचं ऐकतो कोण?

साहेबांनी बटण दाबलं. मुळाशी फट्ट झालं आणि आख्खी कचेरी अंधारात गेली.

"लागली अळी!" मागून कोणीतरी म्हणालं. मग जे हसू उसळलं, ते कंदील आले तरी थांबेना.

वायरमनने माती उकरली, भाताची शितं वेचून काढली, जोड कोरडा करून नवा बांधला. तासाभराने अकरा बोंडं एकदम फुलली. लोक "वा" म्हणाले, पण साहेब जेवायला गेले होते. मी रागाने धुमसत वडिलांपाशी गेलो.

"बाबा, दिवा होता तो! दिव्याला कोणी दहीभात घालतं?"

"दिवा हाय थे दिसते मले," ते म्हणाले. "आंधया नाई झालो आजून."

"मग?"

त्यांनी पऱ्हाटीकडे पाहिलं. एका बोंडाची पाकळी वेचणीच्या सवयीने दोन बोटांत धरली आणि सोडली.

"उलटी टांगली होती, तवा आनला होता का म्या दहीभात?"

माय माझ्याकडे पाहत होती. डब्याच्या तळाशी थोडा दहीभात उरला होता, तो तिने माझ्यापुढे धरला. मी ओट्यावर बसून तो सगळा खाल्ला.