गाडी डावीकडे ओढते

विद्यानगरातले तमाम रहिवासी, त्यांची कुत्री, कुंड्या, फाटकांचे खांब आणि डाव्या हाताला असणाऱ्या इतर सर्व स्थावर वस्तू यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की आमच्या थोरल्या बंधूंची गाडी डावीकडे ओढते किंवा नाही, याचा निवाडा येत्या रविवारी सकाळी त्यांच्याच अंगणात होईल. निकाल उभय पक्षांवर बंधनकारक राहील.

ही भाषा माझी नाही, अण्णांची. सगळा जन्म त्यांनी धारवाडच्या कोर्टात वकिली केली. आता निवृत्त आहेत, पण घरात मीठ कमी पडलं तरी उलटतपासणी घेतात. गाडी त्यांच्याहून थोडीच तरुण. हस्तिदंती रंग, क्रोमचे बंपर, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. गोकुळ रोडवरून ती निघाली की शोरूमसमोर उभी असलेली पोरं नवीन गाड्या सोडून तिच्याकडे बघतात. मला ती गाडी लहानपणापासून हवी आहे. लपवून काय करायचं?

प्रकरण असं. वर्षभरात अण्णांनी शेजारच्या पोस्टमास्तरांच्या फाटकाचा खांब घासला, समोरच्यांच्या कुंड्या आडव्या केल्या आणि शेवटी एका हातगाडीवरच्या टोमॅटोंचं सार केलं, तेही भर रस्त्यात. सगळे अपघात डावीकडचे. अण्णांचं म्हणणं, गाडी डावीकडे ओढते, चाकांचं अलाइनमेंट गेलंय. वहिनींचं म्हणणं, गाडी शहाणी आहे. माझं म्हणणं काहीच नव्हतं. मी फक्त अधूनमधून किल्लीकडे बघत होतो.

अखेर सौदा ठरला. चाकं वाकडी निघाली, तर ती सरळ करायची आणि मग अण्णांच्या चालवण्यावर घरात कुणी ब्र काढायचा नाही, कधीच. चाकं सरळ निघाली, तर किल्ली माझ्याकडे. गॅरेजला न्यायला अण्णा तयार नव्हते. "परक्यासमोर घरची भांडणं नकोत," म्हणाले. मग जुन्या पद्धतीनं घरीच करायचं ठरलं.

पद्धत सोपी आहे. गवंडी भिंत बांधताना लावतो तसला दोरा गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, विटांच्या चवडीला बांधून ताणायचा. तो पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यापासून नीट सारखा ठेवायचा. स्टिअरिंग सरळ धरायचं. मग पट्टी घेऊन बघायचं, पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड दोऱ्यापासून किती लांब आणि मागची किती. चाकाचं तोंड कुठं आहे ते लगेच कळतं. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही.

अण्णा आत बसले, स्टिअरिंग धरून. खंडेनवमीच्या पूजेत वहिनी त्या स्टिअरिंगला हळदीचा दोरा बांधतात. त्याच्या गाठीवर अंगठा ठेवून अण्णा म्हणाले, "गाठ वर, म्हणजे स्टिअरिंग सरळ. मोज."

"तुम्हीच वाचा की पट्टी. नंतर म्हणाल मी खोटं वाचलं."

"पुरावा साक्षीदारानं वाचायचा असतो. वकील फक्त ऐकतो."

हे मला पटलं. पेपरसुद्धा रोज वहिनीच वाचून दाखवायच्या. त्यालाही अण्णांचं असंच काहीतरी कायदेशीर कारण होतं.

मी डावं चाक मोजलं आणि माझा चेहरा पडला. रिमची पुढची कड दोऱ्याला जवळ, मागची लांब. चाक सरळसरळ डावीकडे बघत होतं.

त्यानंतर अण्णांनी जे केलं त्याला नाट्यसंमेलन कमी पडलं असतं. गाडीतून उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि कंपाउंडवरून पोस्टमास्तरांना हाक मारली. पोस्टमास्तर पेरूच्या फांदीआडून म्हणाले, "एनात्री, काय झालं वकीलसाहेब?"

"गाडीचा दोष सिद्ध झाला. तुमच्या खांबाची तक्रार आता गाडीवर करायची, माझ्यावर नाही."

"खांब मात्र माझाच राहतो का हो?"

अण्णांनी ते ऐकलं नाही. त्यांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली. पोस्टमास्तरांनाही बोलावलं. भजी खाताखाता मला म्हणाले, "किल्लीकडे बघून तोंडाला पाणी सुटत होतं ना तुझ्या? आता मिरचीनं सुटू दे." मी त्यांचा धाकटा भाऊ. हसलो. मग पोतं अंथरून गाडीखाली शिरलो, टाय रॉडच्या गंजलेल्या नटाला रॉकेल लावलं आणि पाना बसवला. नट सैल करून रॉड थोडा फिरवला की चाक सरळ होतं. मला गाडीखालून फक्त वहिनींची पावलं दिसत होती.

पावलं माझ्यापाशी थांबली. "भावजी, अजून फिरवू नका. उजवं चाक मोजलंत का?"

"उजव्याची गरज नाही," वरून अण्णा. "डावं दोषी आहे."

"मोजा."

वहिनी निवृत्त गणिताच्या बाई. त्या 'मोजा' म्हणाल्या की माणूस मोजतो. मी बाहेर आलो आणि उजवं मोजलं. तेही डावीकडेच बघत होतं, डाव्याइतकंच. एका केसाचा फरक नाही.

"दोन्ही चाकं एकाच बाजूला, सारखीच," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे चाकं वाकडी नाहीत. स्टिअरिंगच वळवून धरलंय. खंडेनवमीला गाडी पेरूखाली चाकं वळलेली, तिरकी उभी होती. मला जी बाजू वर दिसली तिथं मी दोरा बांधला. तेव्हापासून गाठ एकीकडे आणि सरळ दुसरीकडे."

अण्णांच्या हातात अर्धं भजं होतं. "हे तुला मघाशी माहीत नव्हतं?"

"सकाळपासून माहीत होतं."

"मग बोलायचं."

"तुम्ही इतके खूश होता. आणि भजी गरम होती."

इतकी सावकाश, इतकी खमंग शिक्षा मी कोर्टातही पाहिली नाही. पोस्टमास्तरांनी आणखी एक मिरची उचलली. मी अण्णांना बाजूला सारून आत बसलो, स्टिअरिंग खरोखर सरळ केलं, वहिनींनी पुन्हा मोजलं. पुढून दोन्ही चाकं किंचित आत, अशा गाडीची असायला हवीत तशीच. पाना मी पुसून पिशवीत टाकला आणि हात पुढे केला.

"किल्ली, अण्णा."

"अपील," अण्णा म्हणाले. "दोऱ्यात गाडी उभी असते. ओढते ती चालताना. उभ्या माणसाची तपासणी करून तो लंगडत नाही म्हणाल?"

मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता संपवतील. पण त्यांनी आत जाऊन रांगोळीचा डबा आणला. "चला. चालवूनच बघू."

अमरगोळच्या मार्केट यार्डापलीकडे एक नवं लेआउट आहे. प्लॉट पाडलेत, घरं नाहीत, माणूस नाही, गुरं नाहीत. मधोमध नवा डांबरी रस्ता, काळाकुळकुळीत. तिथपर्यंत गाडी मी नेली. सरळ पट्ट्यावर मुद्दाम स्टिअरिंगवरचे हात काढून दाखवले. गाडी एक बोटही हलली नाही. "तुला घाबरते ती," अण्णा म्हणाले.

मग जागा बदलली. ते चालकाच्या जागी, मी शेजारी. अट वहिनींनी घातली: त्या रस्त्यावर रांगोळीची सरळ रेघ मारतील, अण्णांनी उजवं चाक त्या रेघेवरून शेवटपर्यंत न्यायचं. जमलं तर किल्ली त्यांची. वहिनी चालत पलीकडच्या टोकाला गेल्या आणि तिथून रेघ मारत आमच्याकडे येऊ लागल्या. वाकून, न थांबता. फळ्यावर मारायच्या तशी. काळ्या डांबरावर ती रेघ दुधाच्या धारेसारखी उमटत होती.

अण्णा तोवर मला कायदा शिकवत होते. आरोपी गाडी आहे, मी साक्षीदार आहे, साक्षीदाराची नजर मालमत्तेवर आहे, म्हणून साक्ष बाद. अंगठा त्या गाठीवर, जुन्या सवयीनं. मी त्यांना तोडीस तोड उत्तर जुळवत होतो. एकदम झकास सुचलंही होतं, टोमॅटोंबद्दल.

वहिनींची रेघ उजव्या चाकाला येऊन टेकली. त्या सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला आणि अण्णांच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बोटं पांढरी, डबा रिकामा. माझ्या बाजूनं मला ती रेघ पार टोकापर्यंत दिसत होती.

अण्णांनी समोर पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. मग हॉर्न वाजवला आणि वैतागून म्हणाले, "अगं, उभी काय राहिलीस? रेघ मार की आता."