खुडूक जिलाली

माझ्या धाकट्या भावाला, जिलालीला, गावात अजून ‘खुडूक’ म्हणतात. नाव मीच पाडलं, तेव्हा सांगायलाही मीच हवी.

त्याची बायको तामू तीन महिन्यांसाठी समुद्रापलीकडं स्पेनला स्ट्रॉबेरी खुडायला गेली होती. मागं दहा महिन्यांची रहमा. पोरीला पाठीशी बांधून हा गायीची धार काढायचा, रोट्या भाजायचा. बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“बाई परमुलखात अन् बाप्या चुलीशी! चार लोकांत मला मान वर करू देशील की नाही?” मी म्हटलं. “तिला फोन कर. म्हणावं, पुरे झालं, निघून ये.”

“उद्या करतो, लल्ला. आधी घास कापून होऊ दे.” मी थोरली, म्हणून घरात सगळे मला मानानं लल्ला म्हणतात.

लसूणघास फुलावर आला होता, दुसऱ्या दिवशी इर्जिक ठरलेली, सगळं गाव मिळून कापणार. त्या संध्याकाळी त्यानं मला शेतात नेलं. “हळू पाय टाक,” म्हणाला, आणि घास बाजूला केला. मुठीएवढं पाखरू, वाळक्या पानाच्या रंगाचं, चार अंड्यांवर बसलेलं. दिसायला लावरीच, पण हिला मागचं बोट नसतं. धुळीत तीन बोटांचाच ठसा उमटतो. उडायचं जिवावर येतं हिला, पळूनच जाते, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही.

“माय बघ कशी निवांत बसलीये,” मी म्हटलं.

“माय नाही, बाप आहे तो.”

तेवढ्यात पलीकडच्या भोपळ्याच्या वेलांतून आवाज घुमला, रिकाम्या घागरीत फुंकर मारल्यासारखा.

“ती त्याची बाई,” जिलाली म्हणाला. “अंगानं मोठी, छातीला तांबूस. अंडी दिली नि गेली. आता दुसऱ्या नराला बोलावतेय. इथं बारा-तेरा दिवस हाच बसणार, पिल्लंही हाच फिरवणार. मी रोज बघतोय.”

“मेली निलाजरी!”

“तामूला नको गं त्यात ओढू,” तो हसला. “ती येणार आहे.”

आमच्याकडे घास चहूबाजूंनी आत कापत नेतात. ससे, लावऱ्या मधे मधे सरकतात, शेवटच्या तुकड्यात हातानं धरायच्या आणि दुपारच्या वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसात घालायच्या. इर्जिकीला येणारे निम्मे त्यासाठीच येतात. सकाळी जिलालीनं कापणीचे म्होरके बा अल्लाल यांना विनवलं, मधला तुकडा सोडा म्हणून. म्हातारा विळ्याला धार लावत म्हणाला, “बापजाद्यांची रीत आहे, पोरा.”

कापणी आत सरकत गेली. चटईएवढा घास उरला तेव्हा पाठीवर रहमा बांधलेला जिलाली आत शिरला आणि घरट्याशेजारी चक्क मांडी घालून बसला.

“ऊठ रे! अंडी घातलीस की काय?” बा अल्लाल ओरडले. माणसं हसून हसून वाकली. आणि सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले, “खुडूक कोंबडी झालाय मेला! टोपलीखाली झाका त्याला!”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो उठला नाही.

“हसा की,” तो म्हणाला. “बसायला कुणीतरी लागतंच ना, बा अल्लाल? हा उठला तर अंडी गार पडतील. मी उठलो तर ही.” त्यानं मागं हात नेऊन रहमाचं पाऊल धरलं.

बा अल्लालनी विळा झग्याला पुसला. “राहू द्या तेवढं,” म्हणाले. त्या दुपारी कुसकुसात नुसता भोपळा नि हरभरे होते, आणि एकानंही नाव ठेवलं नाही.

संध्याकाळी जिलालीनं फोन लावून माझ्या हातात दिला. “माझ्यानं नाही व्हायचं. तूच सांग, निघून ये म्हणून.”

“लल्ला?” तामूचा आवाज घाबरा होता. “रहमा बरी आहे ना?”

रहमा त्याच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती. मला माझीच लाज वाटली.

“बरी आहे,” मी म्हटलं. “तू हंगाम पुरा करूनच ये, बाई. इथं बसलाय तो.”