संगमनेरचे चिनी नाटकवाले वकील

संगमनेरहून चीनच्या राजधानीला कसं जायचं, हे घरच्या वाटेइतकं ठाऊक असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि त्यानं उभ्या आयुष्यात नगर जिल्ह्याची हद्द फारशी ओलांडली नव्हती. ते माझे घरमालक, सगळ्यांचे काका. लढाईच्या दिवसांत मामलेदार कचेरीत कारकुनी मिळून मी संगमनेरात आलो आणि त्यांच्या माडीवर बिऱ्हाड केलं. पेशानं ते वकील. पण हयात पक्षकारांपेक्षा शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या चिनी आरोपींची त्यांना जास्त काळजी. चिनी भाषेचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. जे काही कळलं होतं ते इंग्रजी भाषांतरांतून. नगरच्या छावणीतल्या कोण्या साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव निघाला, आणि काकूंनी खाट आणायला धाडलेले काका ट्रंकभर चिनी नाटकं घेऊन परतले. तेव्हापासून त्या घरात जमिनीवर झोपायचं आणि चीनविषयी बोलायचं, अशी वहिवाट पडली होती.

मी बिऱ्हाड मांडलं त्याच संध्याकाळी ते धापा टाकत जिना चढून आले. मला वाटलं, भाड्याचं काही बोलायचं असेल. ते म्हणाले, "तिथं रंगभूमीवर पडदा नसतो. दार नसतं. घोडाही नसतो. हातात नुसता चाबूक घेतला की माणूस घोड्यावर बसला." आणि कोपऱ्यातली माझी छत्री उचलून त्यांनी खोलीभर दौड मारून दाखवली. काका अंगानं चांगले भरलेले. खाली काकूंच्या परातीत छताची माती पडली. त्यांनी खालूनच विचारलं, "घोडा बांधून जेवायला येताय ना?" काकूंची चीनबद्दल तक्रार नव्हती, फक्त त्या म्हणत, "तिकडच्या बादशहाची सातवी राणी कुठं निजायची ते यांना ठाऊक आहे. आपल्या घरात मीठ कुठं असतं ते विचारून बघा."

चिनी नाटकातलं पात्र आलं की आधी आपलं नाव, गाव आणि दुःख सांगून टाकतं. काकांना ही रीत इतकी आवडली, की ती त्यांनी कोर्टात सुरू केली. उभे राहिले की नाव, वडिलांचं नाव, राहणार कुठले, आणि "आज एका गरीब विधवेच्या बांधावरून माझं मन फार व्याकूळ आहे", इथपर्यंत सगळं सांगून मगच कागद उघडायचे. मुन्सफसाहेब त्यांना कैक वर्षं ओळखत होते. तेही दर वेळी शांतपणे ऐकून घेत.

भाषांतरकारांशी मात्र त्यांचं रोजचं भांडण. एका नाटकात बापाला तुरुंगात नेतात आणि मुलगी इंग्रजीत नुसतं 'अलास', म्हणजे 'अरेरे', म्हणते. या 'अलास'पायी काकांना अन्न गोड लागेना. "कुठल्याही देशातली बाई असं म्हणणार नाही. मूळ चिनी शब्द काय असेल?" शेवटी ते स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, "समज, तुझ्या वडिलांना शिपाई धरून घेऊन गेले. पहिला शब्द काय काढशील?"

"माझ्या वडिलांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

"अगं, समज म्हटलं."

काकूंची लाटणं धरलेली बोटं थांबली. त्या म्हणाल्या, "शब्द कसला काढते. आधी त्यांच्या वहाणा घेऊन धावेन. अनवाणी नेलं असेल तर."

काका हळूच म्हणाले, "हेच. मूळ नाटकात हेच असणार." आणि त्यांच्या मराठी अवतारात मुलगी एक शब्दही न बोलता बापाच्या वहाणा घेऊन धावू लागली.

कारण एव्हाना ते नाटक मराठीत आणायचं आणि संगमनेरात करायचं हे ठरून गेलं होतं. निरपराध बापाला कैद होते, आणि मुलगी डोंगर, नद्या ओलांडत राजधानीपर्यंत पायी जाते, एवढीच गोष्ट. शाळेतले सडपातळ ड्रॉइंग मास्तर मुलगी झाले. मला तुरुंगाधिकारी केलं, कारण सरकारी नोकराचा चेहरा आयता होता. गाण्यांचं अडलं. पुस्तकात चालींची नावं छापली होती, पण नुसत्या नावावरून चाल कशी कळणार? काका आठवडाभर घरात फिरत ती नावं वेगवेगळ्या सुरांत म्हणत होते. अखेर काकूंनी जात्यावरच्या ओवीची चाल दिली, बहुधा घरातला आवाज बंद व्हावा म्हणून. आणि सर्वांत महत्त्वाचं काम काकांनी स्वतःकडे ठेवलं. चिनी रंगभूमीवर खुर्च्या हलवणारा, सामान देणारा एक माणूस सगळ्यांदेखत वावरतो, आणि तो तिथं नाहीच असं प्रेक्षकांनी धरायचं असतं. तो अदृश्य माणूस म्हणजे काका.

परवानगीसाठी आम्ही फौजदारांकडे गेलो. गावातली कितीतरी पोरं स्वातंत्र्याच्या चळवळीत धरली जाऊन तुरुंगात होती, त्यामुळे तुरुंग म्हटल्याबरोबर फौजदार सावध झाले. "हे नाटक कोणाविरुद्ध आहे?"

"चीनच्या बादशहाविरुद्ध."

"तो हल्ली कुठं असतो?"

"फार वर्षांपूर्वी वारला."

"मग करा. पण मी पुढं बसणार."

रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून प्रयोग दिवसाउजेडी, प्रवरेकाठच्या मैदानात. बाजारचा दिवस होता. माणसांनी मैदान भरलं. काका खुर्ची घेऊन आले मात्र, निम्म्या मैदानानं रामराम घातला. अर्ध्या तालुक्याचे खटले त्यांच्याकडे. काका दबक्या आवाजात म्हणाले, "मी इथं नाही. माझ्याकडे बघू नका." पुढ्यातला एक म्हातारा शेतकरी काळजीनं म्हणाला, "वकीलसायेब, लई दमला तुमी. त्याच खुर्चीत बसा की जरा." काका पुन्हा म्हणाले, "अहो, मी इथं नाही." म्हातारा शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, "न्हाई म्हनत्यात तर न्हाई. आपन कशाला बोलायचं?" मैदान हसून लोळलं. फौजदारही हसले. वर्षभराची मेहनत आता हसण्यावारी जाणार असं मला वाटलं.

मग मास्तर वहाणा घेऊन धावले. रंगमंचाला एक फेरी घातली, डोंगर ओलांडला. दुसरी फेरी, नदी. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिसऱ्या फेरीला ओवीची चाल सुरू झाली आणि बायकांतून कोणीतरी हलकेच सूर धरला, मग आणखी कोणी. मुलगी तुरुंगाशी आली. दार नव्हतंच. मी हात आडवा धरून उभा होतो. मास्तरांनी नसलेल्या उंबऱ्यापाशी वहाणा ठेवल्या आणि गुडघे टेकले. टेकण्यासाठी उशी आणून ठेवणं हे काकांचं काम. त्यांनी ती ठेवली, पण परत जायचं विसरले. सबंध प्रवेशभर ते रंगमंचाच्या मधोमध, उघड्या डोळ्यांनी रडत उभे होते, आणि खरोखरच एकानंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. फौजदार मान खाली घालून बसले होते.

प्रयोग संपल्यावर एक बाई काकांजवळ आली. तिचा मुलगा येरवड्याच्या तुरुंगात होता. तिनं विचारलं, "चीनमदी बी भेटीला इतकं चालावं लागतं व्हय?" चीनबद्दल कोणी काही विचारावं, याची हा माणूस जन्मभर वाट पाहत आला होता. पण त्यांनी फक्त तिला हात जोडले. नंतर कळलं, की तिच्या मुलाच्या भेटीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, आणि तिच्याबरोबर येरवड्यापर्यंत गेले. नगर जिल्ह्याची हद्द त्यांनी ओलांडली ती अशी.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी कामानिमित्त संगमनेरला गेलो तेव्हा काकांची नजर जवळजवळ गेली होती. मला पाहून, म्हणजे ऐकून, ते लगेच उठले आणि ट्रंकेतून चाचपत एक पुस्तक काढलं. "यातलं शेवटचं नाटक अजून वाचलेलं नाही. मुद्दाम मागं ठेवलं होतं. आता तू वाच." मी इंग्रजी वाचत गेलो, ते वाक्यामागून वाक्य काकूंना मराठीत सांगत गेले, आणि काकू डाळ निवडता निवडता त्यांच्या चुका काढत गेल्या. "ती असं बोलणार नाही," काकू म्हणत, आणि काका निमूटपणे वाक्य बदलत. तिसऱ्या अंकात ताटातूट झालेले दोघे भाऊ नदीच्या दोन काठांवर उभे होते, तेवढ्यात माझ्या मोटारीची वेळ झाली. काका म्हणाले, "जा तू. होडी पुढच्या खेपेला येईल."

पुढच्या खेपेला मी गेलो तो काका गेल्यावर, काकूंना भेटायला. त्यांनी ट्रंक माझ्या स्वाधीन केली. ती सगळी नाटकं मी आता वाचली आहेत. त्या शेवटच्या नाटकाचा चौथा अंक मात्र उघडलेला नाही. इंग्रजी मला येतं. पण 'ती असं बोलणार नाही' म्हणणारं आणि ते ऐकून वाक्य बदलणारं, अशी दोघं समोर बसल्याखेरीज ते दोघे भाऊ भेटले काय आणि न भेटले काय, मला ते कळून घ्यावंसं वाटत नाही.