गीलनच्या दारातला खड्डा

पॅकी गीलनला मातीत घालून महिना व्हायच्या आत त्याच्या बायकोला मेंबर केलं. आमच्याकडं रीतच आहे ती. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, परिषदेतली जागा मधेच रिकामी झाली की निवडणूक लावत नाहीत. गेलेल्याच्या पक्षानं नाव सुचवायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. बाप गेला तर पोरगा, नवरा गेला तर बायको. गीलनला पोरबाळ नव्हतं, म्हणून बायको, अट्रॅक्टा.

काळा कोट घालून ती सभेला गेली. एकेकानं येऊन तिचा हात हातात घेतला, "लई वाईट झालं" म्हणाला, आणि तोच हात तसाच धरून "अभिनंदन" म्हणाला. अट्रॅक्टानं दोन्हीला मान हलवली. हात आपलाच आहे का दुसऱ्या कुणाचा, हे तिला त्या दिवसांत धड कळत नव्हतं.

गीलनच्या घरात मेंबरकी जुनी. पॅकीचा बाप उभा राहिला तेव्हा देशातल्या यादवीची जखम ओली होती. विरोधात त्याचा सख्खा भाऊ. दोघांनी गाढवाच्या गाड्यांतनं म्हाताऱ्या मतदानाला आणल्या. बाप निवडून आला, भाऊ पडला, आणि मरेपर्यंत दोघं चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला दोन वेगळ्या दारांनी आत जायचे. बापामागं पॅकी. सरकारच्या मनात आलं की निवडणूक पुढं ढकलली जाई. कधी पक्ष आपटी खाई. गीलनची जागा मात्र हलली नाही.

खरी मेंबरकी चालायची ती अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात. शनिवारी सकाळी मिस्सा उरकली की माणसं भिंतीकडच्या बाकावर रांगेनं बसायची. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाला परिषदेचं घर पाहिजे, कुणाच्या गल्लीचं गटार तुंबलेलं. पीटच्या, दलदलीतनं काढून वाळवलेल्या ढेकळांच्या, चुलीवर किटली कधी गार पडायची नाही. पॅकी प्रत्येकाला म्हणायचा, "झालंच समज, घरी जा." त्यातलं निम्मं व्हायचंही. दुसऱ्याच्या शेताकडचा रस्ता डांबरी झाला, पण गीलनच्या स्वतःच्या दारातला खड्डा कधी बुजला नाही. डुक्कर लोळावं एवढा खड्डा. अट्रॅक्टा बोलली की पॅकी म्हणायचा, "मेंबरनं आपल्या दारात डांबर टाकलं की लोक डांबर बघत न्हाईत, मेंबरचं तोंड बघत्यात." मयताची गाडी त्याच खड्ड्यात आदळली आणि आत पेटी सरकल्याचा आवाज झाला. अट्रॅक्टाच्या कानात त्या दिवसातलं तेवढंच राहिलं.

पॅकी गेल्यावरही शनिवारी माणसं येत राहिली. तिला त्यांची कामं निम्मी कळायची, निम्मी नाही. पण बाक भरलेला असायचा, कप विसळावे लागायचे, कुणीतरी दाराशी बूट झाडायचं. तेवढ्या आवाजावर तिचा आठवडा उभा होता. ही जागा गेली तर शनिवारी त्या घरात घड्याळाशिवाय कुणी बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात निवडणूक लागली तेव्हा ती उभी राहिली.

आमच्या मतपत्रिकेवर फुली नसते. नावांपुढं आकडे घालायचे. आवडीच्याला एक, त्याच्या खालोखालच्याला दोन, पुढं तीन. आधी मोजतात ते एक. दोन उघडून बघतात ते एकवाल्याचा निकाल लागल्यावर, तो पडला तर किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मिळाली तर. एका भागातनं चार-पाच मेंबर निवडायचे असतात, म्हणून पक्षानं आमच्या भागात दोघं उभे केले होते. एक अट्रॅक्टा, दुसरा डेक्लन मुलवी, घरं-जमिनी विकून देणारा तरणा गडी, बोलण्यात साखर.

पॅकीची या खेळातली एकच युक्ती होती. दारोदार जाऊन तो रडायचा. टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी अडचणीत हाय गड्यांनो. बुडतोय मी औंदा." दर निवडणुकीला तो बुडायचा आणि दर निवडणुकीला पहिला यायचा. बायकोला म्हणायचा, "एकदा का लोक बोलले, ह्यो तर आलेलाच हाय, की संपलं. आलेल्याला कोण कशाला एक देईल?"

अट्रॅक्टाला हे सगळं पाठ होतं. पण तिला रडता येईना. मयताला आलं नाही, ते मतासाठी कुठनं येणार? बेर्न म्हाताऱ्याच्या उंबऱ्यात ती उभी राहिली, तेव्हा तेच तीन शब्द ओठांवर आले आणि तिथंच गार झाले.

जोसी बेर्न एकटा जीव, पॅकीचा बालमित्र. त्यानं तिला खुर्ची पुसून दिली.

"चहा घे, पोरी. तू कशाला पाय झिजवाय लागलीस? तू तर आलेलीच हायस."

"असं म्हणत्यात व्हय?" अट्रॅक्टा म्हणाली.

"सगळा गाव म्हणतोय. पॅकीच्या बायकोला कोण पाडंल? माझ्या गाईला मत असतं तर तिनंबी तुलाच दिलं असतं."

इथं तिनं म्हणायला हवं होतं, जोसीदादा, मी अडचणीत आहे. ती म्हणाली, "गाय बरी हाय ना?"

"मस्त हाय," जोसी म्हणाला.

पुढच्या दारीही तसंच. बाया तिच्या हातात केकचा तुकडा ठेवायच्या, पॅकीच्या आठवणी काढून डोळे पुसायच्या. अट्रॅक्टाचे डोळे कोरडे. तिचा तो थंडपणा बघून लोक आपसांत म्हणायला लागले, बाई कशी निवांत हाय बघा, पक्षानं हिशेब केलेला असणार. आणि डेक्लन मुलवी तिच्यामागनं त्याच दारात जायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "वहिनी आल्याच, चांगलं झालं. मी मात्र अडचणीत हाय."

ही युक्ती तो कुणाकडनं शिकला, ते सांगायला नको.

मोजणी तालुक्याच्या गावी, शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. पेट्या टेबलांवर उलट्या केल्या. कठड्याबाहेर पक्षांची माणसं माना लांबवून, कागद उलगडताना दिसतील तसे आकडे टिपत होती. आमच्याकडं हे जुनं आहे. सरकारी मोजणी व्हायच्या आधी कठड्यावरच्यांना निकाल ठाऊक असतो. अट्रॅक्टाच्या गावची पेटी उघडली तेव्हा पक्षाचा माणूस आधी हसत होता. मग हसायचा थांबला. मग त्यानं तिच्याकडं बघणंच सोडलं.

एक, डेक्लन मुलवी. दोन, अट्रॅक्टा गीलन. पुढचा कागद तसाच. त्याच्या पुढचाही. अख्ख्या गावानं विचार केला होता की ती आलेलीच आहे, तर एक त्या पोराला देऊ, दोघंही येतील. कुणी वाईट केलं नव्हतं. सगळ्यांनी डोकं चालवलं होतं.

संध्याकाळच्या आत फेऱ्या संपत आल्या. शेवटच्या जागेला अट्रॅक्टा, डेक्लन आणि दुसऱ्या पक्षाचा एक असे तिघंच उरले, आणि सगळ्यांत कमी कागद तिचे निघाले. ती बाद झाली. मग तिचे कागद उचलून त्यावरचे दोन बघितले. ते डेक्लनला गेले आणि डेक्लन निवडून आला. त्याच्या कागदांवरचे दोन कुणी उघडून बघितलेच नाहीत. गरजच पडली नाही.

डेक्लनला पोरांनी खांद्यावर घेतलं. जोसी बेर्न गर्दीतनं वाट काढत तिच्यापाशी आला.

"म्या तुला दोन दिलं, पोरी. मनापासनं दिलं."

"ठाऊक हाय," अट्रॅक्टा म्हणाली. "बस कधी हाय?"

"पाचाची. तुला राग न्हाई आला?"

तिनं आत शोधून बघितलं. राग नव्हता. काहीच नव्हतं.

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. किटली उकळून उकळून कोरडी पडली तेव्हा कुठं तिनं उठून खाली उतरवली. बाकावर मांजर झोपलं होतं.

सोमवारी डेक्लन स्पंज केक घेऊन आला. खड्ड्यात गाडी आदळली, चिखल पॅण्टवर उडाला, तो झाडत आत आला.

"वहिनी, रागवू नगा. एक विचारायचं होतं. माझं हापिस पार तालुक्याला. लोकांच्या पायाला तुमच्या घरची वाट पडलीय. शनिवारी इथंच बसलो तर?"

"कुठं बसणार?"

"कुठंबी. पॅकीदादांच्या खुर्चीवर नाही बसायचा."

"दुसरी चांगली खुर्ची न्हाई," अट्रॅक्टा म्हणाली. "तिच्यावरच बस."

शनिवारी बाक परत भरला. दाराशी बूट झडले, किटली चढली. पॅकीच्या खुर्चीत बसून डेक्लन प्रत्येकाला म्हणत होता, "झालंच समजा." सूरसुद्धा तोच उचलला होता पठ्ठ्यानं. अट्रॅक्टानं सगळ्यांना चहा दिला, हात पुसले, आणि बाकाच्या टोकाला जोसी बेर्नच्या शेजारी जाऊन बसली. जोसी सरकला. त्याला वाटलं बाईचे पाय दुखत असतील. पण पुढचा माणूस उठला तशी ती एक जागा पुढं सरकली, मग आणखी एक.

तिची पाळी आली.

"काय वहिनी, साखर संपली का काय?" डेक्लन हसला.

"माझं काम हाय. दारात खड्डा हाय. बुजवून पाहिजे."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. त्या खड्ड्यात आदळला नव्हता असा माणूस त्या बाकावर नव्हता.

"आवो, दादांनी कधी..."

"दादा मेंबर हुता. मी न्हाई."

"झालंच समजा, वहिनी. घरी जा." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ती घरातच आहे.

"तसं समजणार न्हाई," अट्रॅक्टा म्हणाली. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. कपांच्या उष्णतेनं तळवे लाल झालेले तिला दिसत होते. "मी अडचणीत हाय, डेक्लन."

डेक्लननं खिशातलं पेन काढलं. टोपण त्याच्या हातातनं खाली पडलं, ते जोसीनं वाकून उचललं.

"कधीपातुर पाहिजे?" डेक्लननं विचारलं.

"पॅकीच्या वर्षश्राद्धाची मिस्सा हाय हिवाळ्यात. लोक गाड्या घिऊन येतील. त्याच्या आत."

मग ती उठली आणि किटलीत पाणी भरलं. बाकावर अजून माणसं होती.