आधी वेलांटी

आईच्या टॅबलेटला कीबोर्डवालं कव्हर घ्यायला आम्ही दोघी दुकानात गेलो. मी रंग बघत होते. आईने मात्र चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, डोळे मिटले आणि एकेका कीबोर्डवर बोटं चालवायला लागली. निवृत्त होईपर्यंत ती कचेरीत मराठी टायपिस्ट होती.

"काकू, डोळे उघडून तरी बघा," दुकानदार म्हणाला.

"मी बोटांनीच बघते," आई म्हणाली.

पहिली दोन कव्हरं तिने 'मुकी आहेत' म्हणून बाजूला सारली. तिसऱ्याची बटणं जरा टकटकली आणि तिचा चेहरा खुलला. टॅबलेट जोडून तिने 'दिवस' लिहायला घेतलं, तर स्क्रीनवर 'द' येण्याआधीच पहिली वेलांटी एकटी उभी राहिली. मी चूक दाखवणार, तोच ती हसत सुटली.

"अगं, टाइपरायटरवर आधी वेलांटी मारायची, मग अक्षर. बोटं विसरली नाहीत बघ!"

मला ती पद्धत फारच आवडली. अक्षराचा अजून पत्ता नाही, पण त्याच्या डोक्यावर धरायची छत्री उघडून तयार! आनंदाचंही असंच असावं. आधी तो यावा, कारण येईल मागाहून सावकाश. आपण उगाच कारणाची वाट बघत बसतो.

परतताना रिक्षात ते कव्हर खोक्यात बंद होतं. आईची बोटं मात्र पर्सवर नाचत होती.

"काय लिहितेस?" मी विचारलं.

"अजून ठरलं नाही गं," ती म्हणाली. "वेलांटी मारून ठेवलीये."