गुरुजींचं निरंक

"निरंक धाडा मॅडम, इशय मिटला." चष्मा कपाळावर सारून गुरुजी एवढं म्हणायचे आणि वर्गाकडे चालू लागायचे.

बीड जिल्ह्यात वडवणीपासून आत असलेल्या आमच्या शाळेचे ते मुख्याध्यापक, मी तिथली शिक्षिका. असे मुख्याध्यापक तुम्हीही पाहिले असतील. शिकवायची हौस दांडगी आणि कागदांचा मनापासून कंटाळा. वरून रोज माहिती मागवली जायची. भिंत पडली का, भांडी चोरीला गेली का, वीज पडली का. उत्तर बहुधा 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. तेवढंच लिहिलेली एक फाईल मीच त्यांना कॉम्प्युटरवर करून दिली होती. ती मेलला जोडायची आणि बटण दाबायचं. मी त्यांना 'निरंकसम्राट' म्हणायचे. ते हसायचे, "शून्यात लई सुख हाय, मॅडम."

एका यादीला मात्र त्यांनी कधी कंटाळा केला नाही. ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलांनाही सोबत नेतात. ती मागे राहावीत म्हणून शाळेत हंगामापुरतं वसतिगृह मंजूर होतं, पण नावं वेळेत कळवावी लागतात. गुरुजी त्यासाठी घरोघर फिरायचे. पाचवीतल्या मंगलच्या बापापुढे तर ते तीन संध्याकाळी जाऊन बसले. "पोरीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय. तिला फडात नेऊ नका." शेवटी बाप हो म्हणाला. एकतीस नावं झाली.

मेल पाठवायच्या दिवशी दोन पत्रांची उत्तरं द्यायची होती. एक वसतिगृहाचं, दुसरं सर्पदंशाचं, शाळेत कोणाला साप चावला का. दुसऱ्या दिवशी दुपारी बीडच्या शिक्षण ऑफिसातून फोन आला. "अहो सर, एकतीस पोरांना साप चावला?"

मला हसू फुटलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या हातून यादी सापाच्या पत्राला जोडली गेली होती आणि वसतिगृहाला निरंक.

"मॅडम, मेल माघारी वढा." मी म्हटलं, आता तो येत नाही. तरी त्यांनी मॉडेमची वायर उपटली. मेल कालचा होता, पण मी त्यांना अडवलं नाही. वायर हातात धरून ते नुसते उभे राहिले.

मिळेल त्या एसटीनं आम्ही बीड गाठलं. सापाच्या टेबलावरची दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. वसतिगृहाच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "तुमचं निरंक आलं, सगळं एकत्र करून आज सकाळी वर गेलं. आता पुढच्या वर्षी बघू."

गुरुजींनी हात पुढे केला, टेबलावरचा कागद मागावा तसा. "आमचा तेवढा मेल परत द्या. निरंक न्हाई ओ, पोरं हायेत ती."

त्या माणसालाही वाईट वाटलं असावं. त्यानं पाणी मागवलं. गुरुजींचा हात तसाच पुढे होता. निरंकची ती फाईल करून दिल्याची मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघाले. मंगल भांड्यांच्या बोचक्यावर बसली होती. तिचा बाप म्हणाला, "गुरुजी, तुमी तर म्हनलते, पोरगी हितंच राहील."

"म्हनलतो," गुरुजी म्हणाले.

उन्हाळ्यात बरीच मुलं परतली. मंगलही परतली, पण शाळेत आली नाही. धाकट्या भावाला सांभाळायला ती घरीच राहिली. गुरुजी तिच्या दारी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा अर्ध्या वाटेतून माघारी फिरले. त्यानंतर त्यांनी निरंकची फाईल पुन्हा उघडली नाही. 'आमच्या शाळेत कोणाला साप चावलेला नाही,' असं एका बोटानं पूर्ण वाक्य टाइप करायचे. मी त्यांची थट्टा करणं सोडून दिलं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचा हार टेबलावर ठेवून, चार्जचे कागद माझ्या हाती देऊन गावी निघून गेले. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आली होती. कागद मी दुसऱ्या दिवशी वाचले. 'प्रलंबित कामे' या रकान्यात सगळेच निरंक लिहितात. गुरुजींनी तिथं बारीक अक्षरात, ओळीखाली ओळ, एकतीस नावं लिहिली होती. पहिलं मंगलचं.

ऑफिसातून फोन आला, "मॅडम, तिथं पोरांची नावं कशाला? निरंक करून पाठवा."

मी नावांखाली सही केली आणि कागद तसाच पाठवला.