बर्फात उभी गाडी आणि ईराचं नवं गाणं

मंडळी, आमच्या अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये बर्फ क्वचितच पडतो. आज सकाळी उठून बघते तर चांगला चार बोटं साचलेला! शाळेला सुट्टी, ऑफिस घरून.

नवरा मात्र फोनवर व्हिसाच्या बातम्या वाचत बसला होता. भारतात गेलो तर इथे परत येऊ देतील की नाही, या धास्तीने आम्ही पुण्याची तिकिटं कॅन्सल केली आणि त्याच्या लाडक्या भाचीचं लग्न गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर पाहिलं. तेव्हापासून त्याच्या हातातून फोन सुटत नाही.

तेवढ्यात आमची सोळा वर्षांची ईरा म्हणाली, "बाबा, कारमध्ये चल ना. आय मेड अ साँग. तिथले स्पीकर्स बेस्ट आहेत."

जॅकेटं चढवून आम्ही तिघं दारातल्या गाडीत जाऊन बसलो. काचा बर्फाने झाकलेल्या. गाणं इंग्रजी होतं, पण मध्येच सनई वाजली. भाचीच्या लग्नातली! ईराने कॉलवरून गुपचूप रेकॉर्ड केली होती.

नवऱ्याने डोळे पुसले. "परत लाव गं," म्हणाला. चार वेळा ऐकलं.

बातम्या आहेत तशाच आहेत. पण दुपारी बापलेक बर्फात मनसोक्त खेळले.

तुमच्या घरात सध्या कोण कोणाला बातम्यांतून बाहेर काढतंय?